रानशेतला बंद पडलेले तीन पंप

गेल्या वैशाखात, भाचीच्या लग्नाला पंधरवडा उरला असताना, डहाणूत आमच्या दारात उभ्या असलेल्या जुन्या पद्मिनी गाडीचा फ्युएल पंप निकामी झाला. जीवितहानी झाली नाही.

फ्युएल पंप म्हणजे टाकीतलं पेट्रोल ओढून इंजिनापर्यंत पोचवणारी, मुठीत मावेल एवढी वस्तू. तिला दोन तोंडं असतात. एकातून पेट्रोल आत येतं, दुसऱ्यातून बाहेर जातं. मधे एका दांड्याने वरखाली होणारा रबराचा पडदा असतो, आणि तो फाटला की गाडीचं चार दारांचं कपाट होतं. आमचा फाटला होता. ही बातमी बाबू मेस्त्रीने दिली. बाबू मेस्त्री बंदरावर बोटींची इंजिनं दुरुस्त करतो आणि आमची गाडीही (बोट समजूनच) सांभाळतो.

"गेला!" बॉनेटमधून डोकं बाहेर न काढता तो म्हणाला.

"कोण?" आई स्वयंपाकघरातून धावत आली. तिचं पहिलं लक्ष ओसरीवर झोपलेल्या अण्णांकडे गेलं. अण्णा, म्हणजे माझे वडील, ऐंशीच्या पुढे आहेत. अशा घरात हा शब्द इतका मोकळा सोडू नये.

"पंप गेला, काकी."

"मग पंप गेला म्हण ना मेल्या!"

या ओरडण्याने अण्णा उठले. पंप गेल्याचं कळल्यावर ते काहीच बोलले नाहीत. हे वाईट लक्षण होतं. अण्णा आयुष्यभर स्वतःच्या बोटीवर तांडेल होते, आणि तांडेल गप्प बसला की खलाशी देवाचं नाव घेतात.

कारण असं. माझी बहीण शैलाताई सासरी गेली ती याच गाडीतून. तिची मुलगी केतकी सहा वर्षांची असताना अण्णांच्या मांडीवर बसून स्टिअरिंग फिरवायची. तेव्हा अण्णांनी तिला शब्द दिला होता, "तुझीपण पाठवणी हिच्यातून." त्यानंतर अण्णांची बोट विकली गेली, गुडघे गेले, मोतीबिंदू झाला, गाडी चालवणं सुटलं. रोज सकाळी ते उभ्या गाडीत चालकाच्या जागेवर बसून चहा मात्र प्यायचे. आता केतकीचं लग्न तलासरीत ठरलं होतं. नवऱ्यामुलाकडच्यांनी उघड्या टपाची मोठी गाडी सांगितली होती. केतकीने ती परस्पर रद्द करायला लावली.

"आजोबांची गाडी आहे," तिने सासऱ्यांना फोनवर सांगितलं, आणि मग मला फोन केला. "मामा, आहे ना?"

"आहे," मी म्हणालो. ही माहिती त्या क्षणी अचूक होती. गाडी होती.

पंप बदलायचा म्हणजे दुकानात जाऊन पंप मागायचा, असा माझा समज होता. तो खोडून निघायला एक दुपार लागली. ही गाडी बनणं बंद होऊन जमाना लोटला. शिवाय बनत होती तेव्हाही तिला वेगवेगळ्या काळात वेगवेगळे पंप बसले. कुणाच्या दांड्याची लांबी वेगळी, कुणाच्या भोकांमधलं अंतर वेगळं, कुणाची तोंडं डावीकडे, कुणाची समोर. दांडा आखूड असला तर पंप पेट्रोल ओढत नाही. लांब असला तर आत काहीतरी तुटतं. नेमकं काय तुटतं याबद्दल मतभेद आहेत.

मतभेद मला जुन्या गाड्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मिळाले. वर्तमानपत्रात नोकरी केलेल्या माझ्यासारख्या माणसाला एक सवय जडलेली असते: दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाल्याशिवाय विश्वास ठेवायचा नाही. मी फाटक्या पंपाचा फोटो टाकला. पुण्याच्या एका गृहस्थांनी सांगितलं, आखूड दांड्याचा घ्या. नाशिकच्या एका गृहस्थांनी स्वतंत्रपणे सांगितलं, आखूडच. दुजोरा मिळाला! नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की नाशिकच्या गृहस्थांना हे पुण्याच्या गृहस्थांनी सांगितलं होतं, आणि पुण्याच्या गृहस्थांकडे स्कूटर होती.

शेवटी जुना पंप पिशवीत घालून मी चारोटीला गेलो. तिथे हायवेवर नरेशभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. नरेशभाईंनी माझा पंप हातात घेतला, उलटा केला, हुंगला आणि आतून एक नवा पंप आणून शेजारी ठेवला.

"सरखोच छे, साहेब. सेम टू सेम."

"दांडा थोडा वेगळा दिसतो."

"साहेब, तुमचा घासलाय ने! हा तरणो छे, तो म्हातारो छे. तरणो लांब दिसणारच."

मी फूटपट्टी काढली. नरेशभाई माझ्याकडे, सोयरीक जुळवताना मुलीचे दात मोजणाऱ्या माणसाकडे बघावं तसे बघत राहिले. दांडा जुळला. भोकं जुळली. तोंडं जुळली. मी पंप घेतला.

घरी आल्यावर आईने तो बसवू दिला नाही. आमच्याकडे नवी वस्तू ओवाळल्याशिवाय कामाला लागत नाही. जाळं असो, इंजिन असो, मिक्सर असो. तिने पंप पाटावर ठेवला, हळदकुंकू लावलं, निरांजन फिरवलं. शिवाय आमच्या घरात तोंड असलेली कोणतीही नवी वस्तू रिकाम्या तोंडाने आत येत नाही. हंडा, टोपली, लोणच्याची बरणी, सगळ्यांच्या तोंडात आई चार तांदूळ घालते. मग वस्तू भरलेली राहते. हे सगळं यथासांग झालं. ताट मी धरलं होतं.

बाबूने पंप बसवला. गाडी पहिल्या झटक्याला सुरू झाली. अण्णा ओसरीवरून उठून काठीविना पायरी उतरले. आईने कडाकडा बोटं मोडली. मी ग्रुपवर अंगठा टाकला.

चाचणी म्हणून मी आणि बाबू चारोटीच्या दिशेने निघालो. रानशेतला गाडीने दोन आचके दिले, एक उसासा टाकला आणि ती एका चहाच्या टपरीसमोर उभी राहिली.

"दांडा," बाबू म्हणाला.

"मी मोजलाय!"

"तुम्ही बाहेरून मोजला. दांड्याचं आतून असतं."

टपरीवाल्या बाईंनी दोन चहा आणून दिले. "लग्नाची गाडी का, भाऊ?" त्यांनी विचारलं. (बाबूने सुरू झाल्याच्या आनंदात बॉनेटला झेंडूचा हार घातला होता.) मी हो म्हणालो. "बरं झालं, नवरी नव्हती," बाई म्हणाल्या.

पंप परत करायला गेलो तेव्हा नरेशभाईंनी तो तळहातावर आपटला. एक दाणा टपकन काउंटरवर पडला.

"आ शुं? चावल?"

"तुमच्या शेजारी किराणा दुकान आहे," मी थंडपणे म्हणालो. "माल उघड्यावर ठेवला की हेच होणार."

नरेशभाई पंप घेऊन आत गेले. आपण एका निष्काळजी दुकानदाराला उघडं पाडलं, या समाधानात मी घरी आलो.

दुसरा पंप मुंबईच्या जुन्या बाजारातून आला. तेलकट कागदात गुंडाळलेला, जन्मात न वापरलेला. ग्रुपवर त्याचा फोटो टाकल्यावर नाशिकच्या गृहस्थांनी हात जोडल्याची तीन चित्रं पाठवली. हा अस्सल होता. बाबूनेही त्याला पुसून घेतल्यावरच हात लावला. आईने ओवाळला. लांबून आलेला म्हणून जरा जास्तच ओवाळला.

गाडी सुरू झाली. गाडी रानशेतला बंद पडली.

"आलात का?" टपरीवाल्या बाई म्हणाल्या, आणि न विचारता चहाचं आधण ठेवलं.

आता माझा तोल गेला. "बाबू, पंप अस्सल आहे. दांडा बरोबर आहे. मग काय बिघडलंय?"

बाबूने विडी पेटवली. "माझं ऐकाल तर, रानशेत बिघडलंय."

"म्हणजे?"

"दर्यावरपण अशी एकेक जागा असते. अण्णांची बोट नाही का, नारळी पौर्णिमेनंतर पहिल्या फेरीला दर वर्षी बंद पडायची? सगळं नवं टाकलेलं असायचं. तरी बंद. अण्णांना विचारा."

अण्णांना विचारायची सोय नव्हती. दोरीला बांधून गाडी घरी आणली तेव्हा ते उन्हात, गाडी उभी असते त्या रिकाम्या जागेवर खुर्ची टाकून बसले होते.

"केतकीला सांग," ते म्हणाले. "ती मोठी गाडी अजून मिळत असेल तर सांग म्हणावं."

"अण्णा, अजून आठवडा आहे."

"दर्यावर इंजिन बंद पडलं तर माणूस शीड लावतो. तू काय लावणार?" ते उठून आत गेले. त्या दिवसापासून ते चहा ओसरीवर पिऊ लागले. गाडीकडे पाठ करून.

मी शैलाताईला फोन केला. आपण हरलोय, हे सांगायचं होतं.

"ताई, समजा, गाडी नाहीच आली तर?"

"तू पहिलीत असताना माझं दप्तर हरवलं होतंस," ताई म्हणाली. "तेव्हापण समजा म्हणाला होतास." आणि फोन ठेवला.

तिसरा पंप कासा गावात सापडला. तिथे एका गृहस्थांच्या परसात आमच्याच गाडीची जुळी बहीण कित्येक पावसाळे उभी होती. पुढच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. गृहस्थ म्हणाले, "पंप न्या, पण तिला उठवू नका." बाबूने श्वास रोखून, कोंबडीच्या नजरेला नजर देत, पंप काढला. अगदी आमच्यासारखा. तोच घाट, तोच दांडा. शंकेला जागाच नव्हती! लग्नाच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आणलेला हा पंप आईने, परक्या घरून आलेला म्हणून, आधी दृष्ट काढून मग ओवाळला. ताट पुन्हा माझ्याच हातात होतं. बाबूने अंधार पडता पडता तो बसवला. गाडी सुरू झाली. या वेळी चाचणी घ्यायची नाही असं मी ठरवलं. चाचणी घेतली की ती बंद पडते, हे आता दोनदा सिद्ध झालं होतं.

लग्नाच्या सकाळी आम्ही निघालो. मी शेरवानीत, बाबू सफारीत, आई शालूत. अण्णा पुढे, धुतलेल्या धोतरात, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. आशागड गेलं. गंजाड गेलं. अण्णांनी हात गुडघ्यावरून उचलून डॅशबोर्डवर ठेवला. मला वाटतं ते गुणगुणत होते.

रानशेतला टपरीवाल्या बाईंनी आमच्यासाठी बाक आधीच सावलीत ओढून ठेवला होता.

पुढचा घटनाक्रम साक्षीदारांच्या सांगण्यावरून जुळवला आहे, कारण मी स्वतः तोंड झाकून बाकावर बसलो होतो. बाबूने रस्त्यावर जाऊन सुक्या बोंबलांचा एक टेम्पो अडवला. तो गुजरातकडे चालला होता आणि चालक बाबूच्या ओळखीचा निघाला. टेम्पोत बोटीचा दोर होताच. तलासरीपर्यंत आम्ही बोंबलांमागून गेलो. वारा समोरून होता.

मंडपाच्या दाराशी बँडवाले तयार होते. त्यांना सांगितलं होतं की पाहुण्यांची गाडी आली की वाजवायचं. कोणती, ते सांगितलं नव्हतं. टेम्पो वळताच त्यांनी सुरुवात केली. मुलाकडच्या दोन काकांनी टेम्पोच्या चालकाला खाली उतरवून फेटा बांधला. तो बिचारा "बोंबील आहेत, बोंबील आहेत" म्हणत राहिला. त्यांना ते त्याचं आडनाव वाटलं असावं, कारण दिवसभर सगळे त्याला बोंबीलसाहेब म्हणत होते.

केतकी नवरीच्या वेषात दारापर्यंत धावत आली. तिने दोर पाहिला, गाडी पाहिली, अण्णांना पाहिलं.

"आलात ना, आजोबा!"

"ओढून आणली," अण्णा म्हणाले. ते दाराची काच खाली करत होते आणि ती होत नव्हती.

"मग ओढूनच जाऊ," ती म्हणाली आणि बाहेरूनच काचेवर हात ठेवला.

मामा या नात्याने नवरीला बोहल्यावर आणण्याचं काम माझं होतं. त्याआधी मी पंपाशी झटापट करून पाहिली होती. छायाचित्रांमध्ये केतकीच्या शालूवर, दोन्ही खांद्यांवर, पाच बोटांचे काळे ठसे स्पष्ट दिसतात. फोटोग्राफरने ते पुसून द्यायची तयारी दाखवली. केतकी म्हणाली, राहू द्या, ओळख पटवायला लागतील.

जेवणं झाल्यावर पाठवणीला थोडा अवकाश होता. बाबूने मंडपामागे गाडीखाली जमखाना पसरला, पंप काढला आणि आमच्या सगळ्यांसमोर त्याची चिरफाड केली. अण्णा खुर्चीवर, आई शेजारी, मी उभा.

"दांडा बरोबर," बाबू म्हणाला. "पडदा बरोबर." मग त्याने पंप उलटा करून झटकला. लालसर असं काही जमखान्यावर पडलं. बाबू मागे सरकला. "कीड! पंपाला कीड लागलीय!"

आईने वाकून पाहिलं. तिचा चेहरा उजळला.

"कीड कसली मेल्या? माझे तांदूळ आहेत ते! कुंकू अजून तस्सं आहे बघ."

मंडपात सनई वाजत होती.

"तुझे तांदूळ," मी म्हणालो, "पंपात."

"तोंडात घातले होते. रिकामा कसा ठेवणार? तू ताट नव्हतं का धरलंस?"

मी धरलं होतं. तिन्ही वेळा. पंप निवडण्यात कधीच चूक झाली नव्हती. नरेशभाईंचा पंप बरोबर होता, मुंबईचा बरोबर होता, कासाचा बरोबर होता. आईने कुणाच्या बाबतीत दुजाभाव केला नव्हता, आणि डहाणूहून निघालेल्या तांदळाला पेट्रोलची वाट अडवायला रानशेतपर्यंतचा वेळ लागत होता.

अण्णा खुर्चीत हळूच पुढे झुकले.

"बोटीच्या टाकीत?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"दर वर्षी. पौर्णिमेला. माझ्या डिझेलच्या टाकीत?"

"तिथे मूठभर," आई म्हणाली. "टाकी केवढी मोठी!"

अण्णांनी आधी बाबूकडे पाहिलं, मग आभाळाकडे. या माणसाने पहिल्या फेरीतल्या त्या बिघाडापायी तीन इंजिनं बदलली होती, बाबूच्या बापाशी बोलणं टाकलं होतं आणि एकदा वेंगुर्ल्याहून भगत आणवला होता. मग त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं, छातीत दुखतंय. आईलाही तेच वाटलं. ते हसत होते. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, काठी पडेपर्यंत, धोतराचा सोगा तोंडात कोंबून हसत होते.

"अगं, कुणीतरी सांगायचं तरी!"

"कुणी विचारलं का कधी?" आई म्हणाली.

बाबूने पंप धुतला, फुंकला, बसवला. गाडी सुरू झाली आणि सुरू राहिली. बोंबीलसाहेबांनी दोर सोडून गुंडाळला. केतकी आणि जावई मागे बसले. अण्णा पुढे. त्यांनी काठी आईकडे दिली आणि डॅशबोर्डवर दोनदा थाप मारली, जशी बोट पाण्यात लोटताना मारतात. शैलाताई रडली. मी रडलो नाही, मला काम होतं. टाकीत पेट्रोल तळाला गेलं होतं आणि मी कॅनमधून ते भरत होतो.

तेवढ्यात आई गर्दीतून पुढे आली. पाठवणी मोकळ्या हाताने करत नाहीत. तिने उरलेल्या अक्षतांचं ताट दोन्ही हातांनी उचललं आणि नवरीवर, नवऱ्यावर, अण्णांवर आणि गाडीवर, पुढपासून मागपर्यंत, ते पूर्ण रिकामं केलं.

त्या वेळी टाकीचं झाकण माझ्या हातात होतं.